नागोए टेकडीवरची नावं

गावचा धनी ताकेहितो आमच्या घरी कधी येत नसे. त्याला काही हवं असलं की तो माणूस पाठवायचा. म्हणून त्या सकाळी दारातला उजेड अडला आणि त्याचे पाय दिसले, तेव्हा बाबांना पेज भरवायचं थांबवून मी उठून उभी राहिले. आमच्याकडची घरं तेव्हा जमिनीत कंबरभर खोल असायची. खड्ड्यावर गवताचं छप्पर आणि आत एक चूल. आत बसलेल्याला येणाऱ्याचे आधी पाय दिसत.

"म्हातारा बोलतो का?" त्याने वरूनच विचारलं.

"बोलतात, धनी. पण माझ्याशिवाय कोणाला कळत नाही."

"तेच ऐकलं मी." तो दोन पायऱ्या उतरून आला आणि वाकून उभा राहिला. "लेखनिक आलाय. प्रांताच्या कचेरीतून. काल माझ्याकडे उतरला. आज टेकडीची गोष्ट लिहून घ्यायला इथे येईल."

लेखनिक येणार हे गावात महिनाभर बोललं जात होतं. राजधानीचा हुकूम निघाला होता. प्रत्येक प्रांताने आपले डोंगर, नद्या, गावं, तिथे काय पिकतं, कुठल्या जागेला ते नाव का पडलं, म्हातारी माणसं काय सांगतात, सगळं लिहून पाठवायचं. आमचा हिताची प्रांत राजधानीपासून फार लांब, पूर्वेच्या समुद्राला टेकलेला. आमच्या टेकडीचं नाव राजधानीत कोणाला हवं असेल हे मला खरं वाटत नव्हतं.

टेकडीचं नाव नागोए. 'ना' म्हणजे नाव, 'गोए' म्हणजे आवाज. ती गोष्ट सांगायचा मान आमच्या घराण्याचा. दरवर्षी सुगी झाली की बाबा ताकेहितोच्या अंगणात उभे राहून ती सांगत. पूर्वी टेकडीवर बिळांत राहणारी लांब हातांची माणसं होती. ती कच्चं मांस खात, गावातलं धान्य पळवत. पश्चिमेकडून सैन्य आलं, त्यात ताकेहितोचा पूर्वज पुढे होता. त्याने टेकडीपाशी जाऊन आपलं नाव एवढ्या मोठ्याने पुकारलं की बिळांतली माणसं थरथरत बाहेर आली आणि त्याच्या तलवारीखाली पडली. म्हणून नागोए. मी ती लहानपणापासून ऐकत आले होते. झोपेतही सांगितली असती.

"तू शहाणी आहेस," ताकेहितो म्हणाला. "म्हातारी माणसं शेवटी शेवटी भलतंच बोलतात. हा काय बोलेल ते मला माहीत नाही. तू काय सांगशील ते मला माहीत असलेलं बरं."

"जी गोष्ट आहे तीच सांगणार, धनी."

"हं." त्याने चुलीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. मला पाचवा महिना होता. "यंदा पश्चिमेच्या सीमेवर पहाऱ्याला आपल्याकडून सहा माणसं द्यायची आहेत. यादी मी करतोय. कोमारो धडधाकट आहे."

कोमारो माझा नवरा. तो त्या वेळी खाडीवर जाळं टाकायला गेला होता. सीमेवरचा पहारा तीन वर्षांचा. आधी बंदरापर्यंत महिनाभर चालायचं, मग जहाज. मला आठवतं तेव्हापासून आमच्या गावातून नऊ जण गेले होते, त्यातले दोन परत आले.

"धनी," मी म्हटलं, "त्याचं नाव घालू नका."

"घातलेलं नाही अजून," तो म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

मी वळले तर बाबा माझ्याकडे बघत होते. हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात, डावा पाय आणि तोंडाची डावी बाजू गेली. शब्द दातांत अडकत, ओले होऊन बाहेर पडत. पण कान आणि डोकं आधीसारखंच होतं.

"पोरी," ते म्हणाले, "आज नीट ऐक. नीट सांग."

"काय नीट सांगू? तीच तर गोष्ट आहे."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पेज गार होत होती.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. दरवर्षी नवव्या महिन्यात, रानहंस आले की, बाबा एक दिवस एकटेच टेकडीवर जात. सकाळी जात, दुपार उलटल्यावर येत, आणि त्या दिवशी कोणाशी बोलत नसत. आईने त्यांना कधी विचारलं नाही आणि मलाही विचारू दिलं नाही. आजारपणानंतर, वसंतात, ते मला म्हणाले होते, "मला वर ने. पाठीवर घेऊन ने. तुला काहीतरी द्यायचंय." मी म्हटलं होतं, लावणी झाल्यावर. लावणी झाली, मग निंदणी आली, तोवर माझं पोट दिसू लागलं आणि ओझं उचलायचं नाही असं सगळे म्हणू लागले.

लेखनिकाचं नाव हिरोनारी. तिशीचा असेल, सडपातळ अंगाचा, पायांत चालून चालून फाटलेल्या गवताच्या चपला. ताकेहितो त्याला घेऊन आला आणि दारापाशी पायरीवर बसला. हिरोनारी मात्र आत उतरला, बाबांपुढे जमिनीवर बसला आणि त्याने वाकून नमस्कार केला. एवढा मान देणाऱ्या माणसाची मला सवय नव्हती. त्याने पिशवीतून शाईचा दगड काढला, कुंचला काढला, आणि लाकडाच्या पातळ पट्ट्यांची जुडी. एक छोटी सुरीही होती.

"चुकलं की तासायचं," मी बघतेय हे पाहून तो मला म्हणाला. "वरचा थर निघाला की पट्टी पुन्हा कोरी. कागदावर कचेरीत गेल्यावर लिहायचं."

मग तो बाबांकडे वळला. "आजोबा, या टेकडीला नागोए का म्हणतात?"

बाबा उजव्या हातावर भार देऊन जरा वर सरकले. मग बोलू लागले आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत सांगू लागले.

"बाबा म्हणतात, टेकडीच्या दक्षिण अंगाला खळगे आहेत, गवताने भरलेले. तिथे पूर्वी माणसं राहत."

हिरोनारीने लिहिलं.

"ती माणसं सैन्य यायच्या आधीपासून इथली होती. गाव नव्हतं तेव्हापासून."

बाबा म्हणाले, "हातांचं खोटं आहे. हात आपल्यासारखेच होते. जमिनीत राहत, तर आपण कुठे राहतो? सांग त्याला."

मी थांबले. बाबांनी आमच्या घराच्या मातीच्या भिंतीवर उजवा हात टेकवला होता. पायरीवर ताकेहितो गुडघ्याला मिठी मारून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याला बाबांचं अक्षरही कळत नव्हतं. ते फक्त मला कळत होतं.

"बाबा म्हणतात," मी म्हटलं, "त्यांचे हात फार लांब होते. ती जमिनीत बिळं करून राहत."

बाबांचे डोळे माझ्याकडे वळले. मला वाटलं ते ओरडतील. पण त्यांना बहुधा वाटलं की माझी ऐकण्यात चूक झाली, किंवा मी घाबरले. ते थांबले आणि पुन्हा, जास्त सावकाश, बोलू लागले.

पुढे जे झालं ते सांगायला मला अजून जड जातं. ते एक सांगत होते आणि मी दुसरं सांगत होते. ते दोन वाक्यं बोलत, मी ती ऐके, आणि माझ्या तोंडून सुगीच्या दिवशीची गोष्ट बाहेर पडे. ती मला पाठ होती, म्हणून जमलं. ऐकणं आणि खोटं बोलणं एकाच वेळी करायचं असेल तर खोटं पाठ असावं लागतं.

बाबा म्हणाले, "सैन्याला ती माणसं सापडेनात. टेकडीत आत वाटा होत्या. धूर केला तरी बाहेर येईनात. तीन महिने झाले, सैन्य उपाशी पडलं."

मी म्हटलं, "ती गावातलं धान्य पळवून न्यायची. लोक फार गांजले होते."

बाबा म्हणाले, "आपला पूर्वज सावा. खाडीवर मीठ करणारा. तो मीठ देई, ती माणसं कातडी देत. त्याने त्यांच्यातली बायको केली होती. तो त्यांची भाषा बोलायचा. प्रत्येकाला नावाने ओळखायचा."

मी म्हटलं, "तेव्हा पश्चिमेकडून सैन्य आलं. त्यात धनींचे पूर्वज सगळ्यांत पुढे होते."

पायरीवर ताकेहितोने पाय लांब केले.

बाबांचा आवाज आता चढला होता. ओठांच्या कडेने लाळ गळत होती, ती मी बाहीने पुसली. "सैन्याने सावाला धरला. म्हणाले, तुझी बायको जगेल. तू फक्त हाक मार. सावा टेकडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याने एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. ओळखीचा आवाज. आपलं नाव. बाहेर येणार नाही तर काय करतील? एकेक येत गेला. हाक, माणूस, तलवार. हाक, माणूस, तलवार. लेकरंही होती. एकेचाळीस जण. म्हणून नागोए, पोरी. सांग त्याला."

हिरोनारी कुंचला उचलून माझ्याकडे बघत होता.

माझ्या पोटात बाळ हललं. ते आधीही हललं असेल, पण मला पहिल्यांदा कळलं ते तेव्हा.

"धनींच्या पूर्वजांनी टेकडीपाशी उभं राहून आपलं नाव पुकारलं," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्याने की बिळांतली माणसं थरथरत बाहेर आली. म्हणून नागोए."

हिरोनारीने मान खाली घालून लिहिलं. कुंचल्याचा आवाज होत नाही, पण मला तो ऐकू येतोय असं वाटत होतं.

आता बाबांना कळलं होतं. मी घाबरल्यामुळे चुकले असं आता ते समजू शकत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहणंच सोडलं. ते थेट हिरोनारीकडे वळले, त्याच्या डोळ्यांत बघत. "बायको जगली," ते त्याला म्हणाले, जसं काही त्याला कळणारच होतं. "ती सावाशी पुन्हा कधी बोलली नाही. पण दरवर्षी त्याला वर नेऊन उभं करायची. म्हणायची, बोलावलंस ना, आता परत आत पाठव. सगळ्यांना, नावाने. तेव्हापासून आम्ही ते करतो."

आणि त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली.

"इवाना. तोमे. कुसू. मिनागी. ओयू."

ते त्यांचं नेहमीचं अडखळतं बोलणं नव्हतं. नावांना एक चाल होती, आणि त्या चालीवर त्यांची जीभ सरळ चालू लागली. एवढ्या महिन्यांत मी त्यांना इतकं स्पष्ट बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाटतं त्यांचा हिशेब असा होता की मी सांगितलं नाही तरी नावं त्या माणसाच्या कानांवर पडतील आणि तो ती लिहील. हिरोनारीने खरोखरच दुसरी पट्टी ओढली आणि तो लिहायला लागला.

"हे काय आहे?" ताकेहितोने विचारलं.

"माहीत नाही," हिरोनारी लिहिता लिहिता म्हणाला. "चाल आहे, म्हणजे गाणं असेल. अर्थ नंतर विचारू. आधी आवाज तसेच टिपून घेतो."

"गाणं? नागोएचं काही गाणं नाही." ताकेहितो उठून उभा राहिला. दार पुन्हा अडलं आणि घरात काळोख झाला. "इसुमे, म्हातारा काय म्हणतोय?"

बाबा थांबले नव्हते. नावांमागून नावं येत होती. वीस झाली असतील, पंचवीस झाली असतील. मी मोजत नव्हते. ताकेहितोला काय सांगायचं ते मी शोधत होते, आणि शोधत असताना जी नावं कानांवरून गेली ती गेली.

"इसुमे."

"त्याला काही अर्थ नाही, धनी," मी म्हटलं. "आजारपणापासून त्यांना असं होतं. मधेच काहीतरी बडबडतात. नुसते आवाज असतात."

बाबा थांबले. एका नावाच्या मधेच थांबले. "हि" एवढंच बाहेर आलं होतं.

हिरोनारी कधी माझ्याकडे तर कधी बाबांकडे बघत होता. तो काही मूर्ख नव्हता. मग त्याने ताकेहितोकडे पाहिलं, जो त्याला खाऊ घालत होता आणि ज्याच्या घोड्यावरून तो उद्या पुढच्या जिल्ह्यात जाणार होता. त्याने सुरी उचलली.

"अर्थ नसेल तर पट्टी कशाला फुकट घालवा," तो हळूच म्हणाला, आणि पट्टी गुडघ्यावर ठेवून तासली. पातळ वळलेले कपटे जमिनीवर पडले. त्यांच्यावर काळ्या खुणा होत्या. त्याने फुंकर मारून पट्टी झटकली, जुडीत ठेवली, बाबांना पुन्हा वाकून नमस्कार केला आणि तो गेला.

संध्याकाळी मी घर झाडलं. कपटे कोरडे होते. मी ते बाकीच्या केराबरोबर चुलीत टाकले आणि त्याच्यावर पाणी ठेवलं. मला लिहिणं वाचणं येत नाही. तेव्हा मनात आलंच नाही की ते कोणालातरी वाचता आलं असतं. आलं ते दोन दिवसांनी, आणि मी चुलीतली सगळी राख बाहेर काढून बोटांनी चाळली.

त्याच संध्याकाळी मी बाबांपुढे बसून रडले. यादीचं सांगितलं, कोमारोचं सांगितलं. "आता मला सांगा," मी म्हटलं, "आता इथे कोणी नाही. एकेक नाव सांगा, मी पाठ करते. मी वर जाईन, दरवर्षी जाईन." ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांचा खांदा धरला, पाय धरले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशीही. ते पेज घेत, पाणी घेत, काही बोलत नसत. सातव्या दिवशी त्यांनी ओठ हलवले म्हणून मी कान तोंडाशी नेला.

"ऐकलंस ना," ते म्हणाले.

एवढंच. पुढच्या दोन दिवसांत ताप चढला आणि ते गेले.

ताकेहितो शब्दाला पक्का निघाला. यादी वाचली गेली तेव्हा कोमारोचं नाव त्यात नव्हतं. सहाव्या जागी आराताचं नाव होतं. तो खालच्या आळीतल्या नोमेचा एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांचा. त्याचं नाव यायला नको होतं, विधवेच्या एकुलत्या एका मुलाला सहसा घेत नसत. ते सहा जण निघाले त्या दिवशी सगळं गाव खाडीच्या वाटेवर आलं होतं. नोमेने त्याच्या पाठीवर नवा तागाचा अंगरखा बांधून दिला होता. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कोमारोचं नाव आहे असं सगळे म्हणत होते."

मी म्हटलं, "हो, म्हणत होते."

"बरं झालं गं," ती म्हणाली. "तुझं मूल बापाला बघेल." ती मनापासून म्हणाली. त्यामुळे मला तिच्याकडे बघवेना.

नववा महिना लागला, रानहंस आले. माझे दिवस भरत आले होते, तरी मी टेकडीवर गेले. दुपार होती, ऊन स्वच्छ होतं. दक्षिण अंगाला ते खळगे आहेत, आता कोणालाही नुसते खड्डे वाटतील, गवत माझ्या खांद्याएवढं. मी तिथे उभी राहून मला येत होती ती नावं घेतली. इवाना. तोमे. कुसू. मिनागी. ओयू. त्यापुढची, जशी आठवत होती तशी. चौदा झाली.

पहिल्या चौदांच्या वेळी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. प्रत्येक नावाला काहीतरी हलकं होत होतं, जसं गर्दीतून एकेक माणूस बाजूला होऊन निघून जावा. मग माझी नावं संपली. वारा पडला होता. गवताचं एक पातं हलत नव्हतं. आणि मला कळलं की कोणीतरी थांबलंय. पुष्कळ जण. माझ्याकडे तोंड करून, पुढचं नाव घेतलं जाईल म्हणून वाट बघत. मी "हि" म्हणून पाहिलं. हिमे म्हटलं, हिको म्हटलं, हिसा, हिदा, जे जे नाव त्याने सुरू होतं ते सगळं म्हटलं. कोणी हललं नाही. मी पोट धरून खाली पळाले, पडत धडपडत, आणि त्याच रात्री माझी मुलगी जन्मली.

तेव्हापासून घरात काम करताना, जाळं विणताना, भर दुपारी माणसांत बसले असताना, ते एक अक्षर माझ्या कानाशी येतं आणि थांबतं. मी मान वळवते. कोमारो विचारायचा, काय झालं? मी म्हणायची, काही नाही.

चार वर्षांनी, सीमेवरून परतलेल्या एका माणसाने दुसऱ्या जिल्ह्यातून निरोप आणला. आराता तिकडे पोचलाही नव्हता. जहाजातच तापाने गेला, समुद्रात सोडला. नोमेने निरोप ऐकून घेतला आणि त्याला जेवायला वाढलं. आपल्याऐवजी आराता का गेला ते कोमारोला कधी कळलं हे मला माहीत नाही. ताकेहितोच्या घरच्या कुठल्याशा मेजवानीत कोणी बोललं असेल. तो मला एक शब्द बोलला नाही. पण त्या वर्षापासून नोमेची लाकडं तो फोडू लागला, पाणी भरू लागला, आणि ती मरेपर्यंत, सोळा वर्षं, त्याने त्यात खंड पडू दिला नाही.

एकदा, माझी मुलगी दहा वर्षांची असताना, कचेरीतून कोणी अधिकारी आला. राजधानीला पाठवलेल्या लिखाणाची नक्कल त्याच्याकडे होती. ताकेहितोने सगळ्या गावाला अंगणात बोलावून त्याला आमच्या टेकडीचा भाग वाचायला लावला. अधिकाऱ्याने घसा साफ केला. "गावचे वृद्ध सांगतात," असं त्याने सुरू केलं, आणि मग मी माझंच बोलणं ऐकलं. लांब हात. बिळं. धान्य. नाव पुकारणं. पाच ओळींत संपलं. लोकांनी माना डोलावल्या. माझी मुलगी खुशीत माझ्या कानाशी म्हणाली, "वृद्ध म्हणजे आपले आजोबा ना?"

"हो," मी म्हटलं.

आता ताकेहितो नाही, कोमारोही नाही. ती गोष्ट सुगीला माझी मुलगी सांगते, त्याच अंगणात, ताकेहितोच्या मुलापुढे. ती छान सांगते. तिला मी बरीच वर्षं काही बोलले नाही. मागच्या वर्षी माझ्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी ठरवलं, आणि रानहंस आले त्या सकाळी तिला घेऊन वर गेले. चढता चढता टेकडीचं आणि लेखनिकाचं सगळं सांगितलं. तिला मी नावं आधीच, घरी, जात्यावर बसून पाठ करून घेतली होती, गाणं म्हणून.

वर ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणू लागली. तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. इवाना. तोमे. कुसू. चौदाव्या नावानंतर ती थोडी अडखळली, मग पंधरावं घेतलं.

"आराता."

गवताकडे बघत ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"हा शेवटचा कोण? आराता?" तिने विचारलं. "हा तर आपल्यातला वाटतो."

"तो त्यांच्यातला नाही," मी म्हटलं. "तो मी घातलाय. त्याच्या आईने त्याला हाक मारली असती, पण कुठे उभं राहून मारायची ते तिला कळत नव्हतं."

आम्ही उतरायला लागलो. दहा पावलांवर ती थांबली आणि मागे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "आई, तिथे अजून कोणी आहे का?"

"आहेत," मी म्हटलं. "सत्तावीस जण. तू पाय जपून टाक, गवत ओलं आहे."